वाळवंटांतील ऊन पाणी

घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. वडील मंडळी तिकडे चार-सहा महिने राहून येतात आणि परत आल्यावर नायगाराच्या धबधब्याचीं व उंच इमारतींचीं वर्णनें आपणांस ऐकावयास मिळतात. परंतु दिवाळीच्या सुमारास आमच्या पुतण्यानें आम्हां सर्वांस जेथें नेलें, तेथील हकीकत या ठराविक वर्णनांत सहसा आढळत नाहीं. म्हणून या महिन्यांत तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुतण्या कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथें नोकरीस आहे. दिवाळीला जोडून आलेल्या सुटींत तो म्हणाला, "काका, आपण सारेजण दोन दिवस वाळवंटांत तंबू ठोकून राहूं. तेथें ऊन पाण्याचा झरा आहे." हें ऐकून आमच्या वहिनी थक्क झाल्या. "वाळवंटांत पाणी, तें पुन्हा ऊन, आणि त्यासाठीं तंबूंत निजावयाचें? अरे, तुझ्या घरीं नळाला ऊन पाणी येतें, त्यानें काय घोडें मारलें आहे?" असें त्या म्हणाल्या खऱ्या, पण अभ्यंगस्नान ऊन पाण्याच्या झऱ्यावर घडणार, ही कल्पना त्यांच्या मनांत रुजली असावी. कारण निघतांना तेलाची बाटली व उटण्याचा डबा त्यांनीं आठवणीनें पिशवींत घातला.

आपल्या कोंकणास असे झरे अपरिचित नाहींत. वज्रेश्वरी-अकलोलीचीं कुंडें, संगमेश्वराकडील तुरळ, राजापूरजवळील उन्हाळें, दापोली तालुक्यांतील उन्हवरे हीं ठिकाणें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. आपल्याकडे झरा म्हटला कीं त्यास बांधलेलें कुंड आलें, कुंडाशेजारीं देऊळ आलें आणि देवळामागून पुजारी आला. राखण कोणी करावी हा प्रश्न निदान तोंडानें तरी देवावर सोंपवितां येतो. आम्ही गेलों तेथें यांपैकीं कांहींच नव्हतें. होल्टव्हिल नांवाच्या लहानशा गांवाच्या पूर्वेस, हमरस्त्याला लागूनच, सिमेंटचें कुंड, कांहीं ताडमाडांसारखीं झाडें आणि भोंवतालीं क्षितिजापर्यंत सपाट, करडी जमीन. एवढेंच काय तें तीर्थक्षेत्र!

वाळवंटांत ऊन पाणी येतें कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. पुष्कळांची समजूत अशी कीं, जेथें ऊन पाणी तेथें ज्वालामुखी असलाच पाहिजे. तसें नाहीं. जमिनींत जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढत जाते. साधारणतः दर किलोमीटरास पंचवीस-तीस अंश. पावसाचें किंवा डोंगरावरील बर्फाचें पाणी खडकांतील भेगांतून खोल मुरतें, तेथें तापतें आणि दुसरी एखादी मोठी भेग सांपडली कीं वर येतें. आपल्या कोंकणांतील झरेही अशा भेगांच्याच वाटेनें वर येतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडील नेव्हाडा, यूटा, आग्नेय कॅलिफोर्निया वगैरे प्रदेशांत पृथ्वीचें कवच ताणलें जाऊन पातळ झालें आहे व त्यास जागोजागीं तडे गेले आहेत. म्हणून तेथें पाऊस तुटपुंजा असूनही असे झरे विपुल आहेत. कित्येक ठिकाणीं तर हें पाणी माणसाच्या हातून अकस्मात् बाहेर आलें. ॲरिझोना संस्थानांत 1928 सालीं तेलाच्या शोधार्थ जमिनीस भोंक पाडीत असतां 1,920 फुटांवर तेलाऐवजीं ऊन पाणी लागलें. तेथें पुढें कुंडें बांधण्यांत आलीं आणि लोक वाळूच्या टेकड्यांत तंबू ठोकून स्नानास येऊं लागले.

आतां ही जमीन कोणाची, हें पाहूं. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारचें एक भूमि-व्यवस्थापन खातें आहे. जमिनीचें जुनें दप्तर आणि कुरणांचें खातें हीं दोन एकत्र करून 1946 सालीं तें निर्माण झालें. त्याच्या ताब्यांत सुमारें साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे. म्हणजे आपल्या सबंध महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक. आपल्याकडील गायरानाची कल्पना मोठी करून पाहिली, तर या जमिनीचें स्वरूप थोडेंबहुत ध्यानांत येईल. तींतील बऱ्याच भागांत कोणीही जाऊन तंबू ठोकावा आणि सामान्यतः चौदा दिवसपर्यंत फुकट राहावें, अशी मुभा आहे. ज्यांना सारा हिंवाळा काढावयाचा असेल त्यांच्यासाठीं 1983 सालापासून कांहीं जागा राखून ठेवण्यांत आल्या. त्यांचा हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असा असून त्यासाठीं परवाना काढावा लागतो. होल्टव्हिलच्या झऱ्याशेजारीं अशीच एक जागा आहे. उत्तरेकडील कडक थंडी चुकविण्यासाठीं नोकरींतून निवृत्त झालेलीं वृद्ध जोडपीं आपलीं चाकांवरचीं घरें घेऊन येथें येतात व स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांप्रमाणें उन्हाळा लागतांच निघून जातात.

आम्हीं तंबू ठोकला तो दुपारीं. प्रथम वाटलें, या उजाडींत दोन दिवस कसे जाणार? पण सूर्य मावळला आणि देखावा पालटला. दिवसा तापलेली जमीन भराभर निवूं लागली, घटकेभरांत शाली काढाव्या लागल्या, आणि डोक्यावर जें आकाश उमटलें तें शहरांत राहणाऱ्या माणसास विसरच पडलेलें आकाश होतें. वहिनींनीं मुलांस सप्तर्षि आणि ध्रुव यांविषयीं सांगण्यास आरंभ केला. तीं मुलेंही, विजेच्या खेळण्यांवांचून, बराच वेळ मान वर करून बसलीं.

दुसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही कुंडाकडे गेलों. एक सत्तरी उलटलेले गृहस्थ हातांत झाडू घेऊन पायऱ्यांवरची वाळू लोटीत होते. आम्हांस वाटलें, हे खात्याचे नोकर असतील. वहिनींनीं बाटली काढून मुलांच्या टाळूवर तेल घालावयास घेतलें, तों ते गृहस्थ जवळ आले व अत्यंत अदबीनें पुतण्याशीं कांहीं बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा कीं, तेल, साबण किंवा दुसरें कांहीं अंगास लावून कृपा करून कुंडांत उतरूं नये. एकाच्या अंगचें तेल पाण्यावर पसरतें आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगास लागतें.

वहिनींचा चेहरा उतरला. "सणासुदीचें तेल म्हणजे काय घाण आहे?" असें त्या हळूच म्हणाल्या. पुतण्या गोंधळला. आईचें मन मोडावें कीं परक्याचें म्हणणें अव्हेरावें, असा त्यास पेंच पडला. आम्हांसही क्षणभर त्या गृहस्थांचा रागच आला. जमीन सरकारची, पाणी पृथ्वीच्या पोटांतलें. मग यांनीं मनाई करावी ती कोणत्या अधिकारानें? पुतण्यानें हाच प्रश्न सौम्य शब्दांत त्यांस विचारला, तेव्हां ते हंसले. आपण खात्याचे कोणी नाहीं. दर हिंवाळ्यांत येथें येतों, स्नान करितों, म्हणून रोज सकाळीं पायऱ्या झाडतों, एवढेंच त्यांनीं सांगितलें.

शेवटीं तोड वहिनींनींच काढली. दोन बादल्या ऊन पाणी भरून घेऊन त्या कुंडापासून चांगल्या शंभर पावलांवर गेल्या. तेथें मोकळ्या जमिनीवर तेल-उटणें लावून लोटीनें सर्वांचीं अभ्यंगस्नानें झालीं. मग अंग स्वच्छ पुसून आम्ही कुंडांत उतरलों. सण साजरा झाला आणि पाणीही जसेंच्या तसें राहिलें.

मात्र दुसरी एक गोष्ट याहून गंभीर आहे, आणि ती प्रत्येक घरांतील वडील माणसांनीं ध्यानांत ठेवावी. तीर्थाचें पाणी दिसलें कीं आपला हात नाकाकडे जातो आणि आपण तीन बुड्या मारतों. नैसर्गिक ऊन पाण्यांत बुडी मारूं नये. मुलांस तर मुळींच मारूं देऊं नये. अशा पाण्यांत 'नेग्लेरिया' नांवाचा एक सूक्ष्म जीव क्वचित् असतो. पाणी तोंडावाटे पोटांत गेल्यास त्यापासून हा अपाय होत नाहीं. परंतु नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोंचला तर रोगी बहुधा वांचत नाहीं. 2023 सालीं नेव्हाडा संस्थानांतील एक लहान मूल याच रोगानें दगावलें, आणि लागण ॲश स्प्रिंग्ज नामक झऱ्यावर झाली असावी, असें तेथील आरोग्यखात्यानें सांगितलें. असा प्रकार फार विरळा घडतो हें खरें. पण डोकें पाण्याबाहेर ठेवणें ही खबरदारी इतकी सोपी आहे कीं ती न घेण्यास सबब नाहीं.

इतर पथ्यें थोडक्यांत सांगतों. पाण्यांत उतरण्यापूर्वीं तें किती ऊन आहे तें हातानें पाहावें. कांहीं झरे उकळत्या पाण्याच्या जवळपास तापलेले असतात. एका वेळीं दहा-पंधरा मिनिटांहून अधिक बसूं नये. गर्भवती स्त्रियांनीं व हृदयविकार असलेल्यांनीं वैद्यांस विचारल्याखेरीज उतरूं नये. प्यावयाचें पाणी माणशीं रोज चार लिटर तरी बरोबर न्यावें. कोरड्या ओढ्याच्या पात्रांत तंबू ठोकूं नये. दूर डोंगरांत पाऊस पडला तरी तेथें अचानक लोंढा येतो. शौचासाठीं पाण्यापासून दोनशें फूट दूर जाऊन वीतभर खोल खड्डा करावा व तो बुजवावा. कचरा मात्र पुरूं नये, परत आणावा. आणखी एक सूचना संकोचानें करितों. कांहीं दूरच्या झऱ्यांवर विवस्त्र स्नानाची रूढि आहे. वडील मंडळींस नेण्यापूर्वीं मुलांनीं चौकशी करून ठेवावी, म्हणजे कोणासच अवघडल्यासारखें होणार नाहीं.

अशा झऱ्यांची राखण न झाल्यास काय होतें, याचें एक उदाहरण नेव्हाडांतच आहे. तेथें 'डेव्हिल्स होल', म्हणजे सैतानाचें विवर, या नांवाचें एक ऊन पाण्याचें कुंड खडकांत आहे. तें स्नानासाठीं नाहीं. तेथें इंचभर लांबीचा एक निळसर मासा राहतो आणि जगांत दुसऱ्या कोठेंही तो निसर्गतः आढळत नाहीं. 1952 सालीं हें विवर संरक्षित झालें. पुढें शेजारच्या शेतीसाठीं इतकें पाणी उपसलें जाऊं लागलें कीं, माशाची अंडीं घालण्याची उथळ शिळाच उघडी पडूं लागली. तेव्हां 1976 सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्या उपशास मर्यादा घातली. एवढ्या मोठ्या न्यायालयानें वांचविलेला तो मासा. परंतु 2016 सालीं दारूच्या धुंदींत तिघे इसम कुंपण ओलांडून आंत शिरले, त्यांतील एक पाण्यांत उतरला आणि मागाहून एक मासा मेलेला आढळला. 2018 सालीं त्यास एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. कायदा होता, कुंपण होतें, शिक्षाही झाली. पण त्या रात्रीं पाण्याची राखण करणारें असें तेथें कोणी माणूस नव्हतें.

या जमिनीस 'सरकारी' म्हणतांना आणखीही एक गोष्ट विसरूं नये. सरकारच्या कितीतरी पूर्वीं तेथील मूळचे लोक या झऱ्यांवर वस्ती करून होते. मृत्यु-दरी भागांतील टिंबिशा शोशोनी जमातीस स्वतःच्याच प्रदेशांतील सुमारें साडेसात हजार एकर जमीन परत मिळण्यास 2000 साल उजाडावें लागलें. तेव्हां तेथें तंबू ठोकणारा प्रत्येकजण पाहुणाच आहे. आम्ही तर दुहेरी पाहुणे.

आपल्याकडे 'सरकारी' या शब्दाचा अर्थ 'कोणाचेंच नव्हे' असा करण्याची संवय आपणांस जडली आहे. गांवोगांवचीं गायरानें कशीं आक्रसलीं आणि कित्येक कुंडांच्या पायऱ्यांवर साबणाचीं वेष्टणें व फुटक्या बाटल्या कशा सांचतात, हें कोणास सांगावयास नको. देवाचें नांव असूनही तीं कुंडें स्वच्छ राहिलीं नाहींत. आणि येथें देऊळ नाहीं, पुजारी नाहीं, तरी एक परका वृद्ध रोज पहाटे पायऱ्या झाडतो. सगळ्याच झऱ्यांवर असा मनुष्य असतो असें नव्हे. नसतो तेथें काय होतें, तें वर सांगितलेंच आहे.

असो. तिसऱ्या दिवशीं पहाटे निघावयाचें होतें. सामान गाडींत भरून झालें तरी वहिनींचा पत्ता नव्हता, म्हणून पुतण्या शोधावयास गेला. त्या कुंडाच्या पायऱ्या झाडीत होत्या आणि ते वृद्ध गृहस्थ बाजूस उभे राहून, आपला झाडू परत मिळण्याची वाट पाहत होते.