शोकेसच्या काचेमागील कारागीर

दसरा उलटला की सातार्‍याच्या राजपथावर व मोती चौकात, सांगलीच्या हरभट रोडवर व गणपती पेठेत सराफी पेढ्यांची आणि भरजरी साड्यांच्या दुकानांची वर्दळ वाढू लागते. त्याच सुमारास मोठ्या दुकानांच्या दर्शनी काचांवर आतून कागद चिकटविला जातो. रात्री शटर अर्धे ओढून आत करवत, खिळे व रंग यांचे काम चालते. वसुबारसेच्या आगेमागे कागद निघाला म्हणजे काचेआड एखाद्या वाड्याची कमान, तुळशीवृंदावन, पणत्यांची रांग आणि मधोमध ठुशी व चंद्रहार ल्यालेला मखमली गळा दिसू लागतो. जाणारा-येणारा क्षणभर थबकतो. बाजारात किंमत आहे ती या थबकण्याला.

पाश्चात्त्य व्यापार्‍यांनी ती फार पूर्वी ओळखली. अमेरिकेत एल. फ्रँक बॉम यांनी १८९७ साली केवळ दुकानांच्या शोकेसला वाहिलेले मासिक काढले. १९०९ मध्ये लंडनला सेल्फ्रिज यांनी दुकान बंद झाल्यावरही आपल्या काचा रात्री उजळत ठेवल्या. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली ती याच काळात, १८९९ साली.

आपल्याकडील सराफीची घडण निराळी. सांगलीत गाडगीळांची पेढी सुरू झाली ती १८३२ साली. गादी-लोडाच्या त्या व्यवहारात माल तिजोरीत आणि पत डोळ्यांसमोर, अशी रीत असे. पुढे १९६३ पासूनच्या सुवर्ण नियंत्रणाने व १९६८ च्या कायद्याने सोन्याच्या प्रदर्शनाला फारसा वाव ठेवला नाही. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पेढीचे ‘दालन’ झाले ते मुख्यतः त्यानंतर, असे म्हणावयास हरकत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाख रुपयांवर गेला. भाव असा चढला म्हणजे गिर्‍हाइकाला उंबरठ्याच्या आत आणणे अधिक कठीण होते, आणि साहजिकच काचेवरील भिस्त वाढते.

परंतु ही काच सजविणारे हात कोणाचे? बहुधा गणपतीची मखरे, नवरात्राचे मंडप व लग्नाचे स्टेज उभारणार्‍यांचेच. या कलेचे कूळ या भागात जुने आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते सांगलीतच. पुढे शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्यासारख्या कलावंताने नाटकाचे पडदे रंगवीतच चित्रपटापर्यंत मजल मारली. सपाट पृष्ठावर खोली भासविणे आणि प्रकाशाने नजर नेमक्या जागी नेणे, हीच पडद्यामागची विद्या आज शोकेसमध्ये राबते आहे. मात्र नेपथ्यकाराचे नाव जाहिरातीत छापले जाते. शोकेस उभारणार्‍याचे कोठेही नसते.

त्याचा मोबदला ठरतो तो सामान्यतः चौरस फुटावर. म्हणजे प्लायवूड, रंग आणि मजुरी यांचा हिशेब होतो. कल्पनेचा होत नाही. साहित्य उधारीवर उचलावयाचे आणि दुकानदाराकडून पैसे सणानंतर घ्यावयाचे, यात व्याजाचा भार अर्थातच कारागिरावर पडतो. उसाच्या पट्ट्यात ही ओढाताण अधिक जाणवते, कारण नव्या गळिताचे पैसे शेतकर्‍याच्या हाती पडण्यापूर्वीच दिवाळी येऊन जाते. त्या आठवड्यात खरेदीला हुकमी बाहेर पडतो तो सण अग्रिम उचललेला पगारदार, आणि तो अग्रिम नंतर हप्त्याहप्त्याने त्याच्याच पगारातून कापला जातो!

कायद्याचे छत्र या कारागिराला जवळजवळ नाही. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा अधिनियम २०२५ मधील दुरुस्तीपूर्वीही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. चौघापाचांची टोळी त्यात बसावी कशी? २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. पर्यावरणाच्या दृष्टीने ती योग्यच होती. तथापि ज्याचा हात वर्षानुवर्षे तप्त तारेने थर्माकोल कापण्यात बसला होता, त्याला पुठ्ठा, बांबू व कापड यांवर नव्याने हात बसवावा लागला. त्या संक्रमणाचा खर्च बंदी घालणार्‍या शासनाने उचलला नाही आणि शोकेस सजवून घेणार्‍यानेही नाही.

आता साखळी दुकानांचा प्रश्न आहे. त्यांच्या सजावटीचा आराखडा मुख्य कार्यालयात ठरतो, सुटे भाग तयार होऊन येतात आणि स्थानिक माणसाकडे उरते ते केवळ जोडणीचे काम. सातार्‍याची शोकेस आणि सुरतेची शोकेस यांत मग फरक राहत नाही, ही रसिकाची तक्रार झाली. अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक गंभीर गोष्ट ही की, सजावटीवरील खर्चाचा आराखड्याकडे जाणारा वाटा जिल्ह्याबाहेर जातो. स्थानिक पेढ्यांनी तरी हे अनुकरण करण्यापूर्वी विचार करावा. आराखड्याचे मूल्य मजुरीपासून वेगळे मांडावे आणि निम्मी रक्कम कामापूर्वी द्यावी, एवढ्यानेही पुष्कळ साधेल. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांना शाळाशाळांतून मुले बसतात. पण चित्रकलेतून असाही व्यवसाय निघतो, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

आणखी एक बाब. १९५७ चा प्रतिलिप्यधिकार कायदा कलात्मक कारागिरीच्या कृतीलाही संरक्षण देतो. अशी मूळ कृती पगारी नोकर नसलेल्या कारागिराने घडविली आणि वेगळा करार झाला नसेल, तर प्रथम स्वामित्व त्याचेच राहते. प्रत्यक्षात मोबाईलवर काढलेले छायाचित्र दोन दिवसांत दुसर्‍या गावी पोहोचते आणि तीच कमान तेथे उभी राहते. मूळ कर्त्याजवळ करार नसतो, सही केलेला आराखडाही नसतो. असते ती चौरस फुटांची पावती.