आधी हातातली गोधडी

हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकवा, एखाद्या तरी कॉटवर घरून आलेली गोधडी दिसणारच. कोल्हापूरकडचा पार्टनर असेल तर तो तिला वाकळ म्हणेल, एवढाच फरक. पण ही झाली पूर्ण झालेली गोधडी. घरी ट्रंकेत, दिवाणात नाहीतर माळ्यावर तिची एक अर्धवट बहीण घडी घालून पडलेली असते. तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

गोधडी अर्धी का राहते? कारण सुरुवातीलाच सगळी मजा असते. जुन्या साड्या काढायच्या, आत घालायला धोतर-चादरी शोधायच्या, जमिनीवर सगळं पसरायचं, निळ्याशेजारी पिवळं ठेवून लांबून बघायचं. हे एका दुपारचं काम. नंतर उरतो तो धावदोरा. रोज तोच, तसाच, कित्येक महिने. अशात कुणीतरी जुन्या साड्यांचं गाठोडं आणून देतं आणि एका सुंदर काठावर नजर खिळते. मग ‘नुसती मांडून तर बघते!’ या वाक्याने जेवढ्या गोधड्या मारल्या असतील तेवढ्या उंदरांनीही मारल्या नसतील. (‘नुसता टॉपिक बघतो’ म्हणून तिसऱ्यांदा प्रोजेक्ट बदलणाऱ्यांनी हसू नये.)

आता आपण इंजिनिअर लोक, तेव्हा थोडं गणित करू. समजा गोधडी ६ फूट बाय ४ फूट आहे. काठापासून आत, चौकटीत चौकट अशी एक-एक इंचावर शिवण घालायची. अशा २४ फेऱ्या होतात. पहिली फेरी २४० इंचांची आणि पुढची प्रत्येक फेरी ८ इंचांनी कमी. एकूण शिवण ३५५२ इंच, म्हणजे साधारण ९० मीटर. गंमत पुढेच आहे. नऊ फेऱ्या संपतात तेव्हा १८७२ इंच, म्हणजे निम्म्याहून जास्त शिवण झालेली असते. पण शिवणाऱ्या बाईला काय दिसतं? ‘नऊ झाल्या, अजून पंधरा राहिल्या!’ आणि नेमकी इथेच गोधडी गुंडाळून ठेवली जाते. उरलेल्या पंधरा फेऱ्या दर वेळी लहान होत जातात, शेवटची तर जेमतेम ५६ इंचांची. माझ्या मते फेऱ्या मोजणंच चुकीचं आहे, उरलेला दोरा मोजावा.

ठेवलेली गोधडी जशीच्या तशी राहते हाही एक गैरसमज. कच्चे टाके तुटतात, आतला थर सरकतो, घडीच्या जागी चुणी बसते. काठाकडून आत शिवत आलं की ही चुणी मधोमध गोळा होते आणि मग ती काही केल्या जात नाही. सुई तशीच टोचून ठेवली तर गंजते आणि कापडावर तांबडा डाग पडतो. शिवाय वर्षभराने हात बदललेला असतो, टाका लहान-मोठा होतो. हा शेवटचा मुद्दा मी फारसा मनावर घेत नाही. टाका बदललेला दिसला तर दिसला, पांघरणाऱ्याला त्याने थंडी वाजत नाही.

मग नव्याचा मोह आवरायचा कसा? उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. त्यांची रीत मला फार हुशारीची वाटते. त्या वरचा थर आधी पूर्ण मांडून घेत नाहीत. काठापासून सुरुवात करून एक-एक ठिगळ ठेवत, शिवत आत सरकतात. म्हणजे नवा रंग, नवा काठ निवडायची मजा शेवटपर्यंत पुरते आणि तीही त्याच गोधडीत. पुढे चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ लावतात. ती लागल्याशिवाय कवंदी उघडी समजतात. म्हणजे काम संपलं की नाही याबद्दल वाद नाही.

आपल्याकडे असं काही नाही, म्हणून एक नियम मीच सुचवतो. कापड हवं तेवढं जमवा, पण गाठोडं बांधून ठेवा. जमिनीवर एका वेळी एकच गोधडी पसरायची. आणि जी पाच-सात वर्षांत पुन्हा उघडलीच नाही, तिचे टाके सरळ उसवा. हे थोडं कठोर वाटेल. पण त्यात वारलेल्या आजीचं लुगडं असतं, मामाच्या लग्नातली साडी असते. अर्धवट शिवून ठेवलं की ते लुगडंही राहत नाही आणि पांघरूणही होत नाही. उसवलं तर निदान हातात घेऊन बघता तरी येतं. नाहीतर पूर्ण करा. मधलं काही नको.

आणि हे फक्त बायकांना सांगून भागणार नाही. पूर्वी उन्हाळ्यात, शेतातली कामं थांबली की दोघी-तिघी समोरासमोर बसून एकच गोधडी शिवायच्या. आता घरात आई एकटीच असते आणि समोरची बाजू रिकामी. सेमिस्टर संपल्यावर आपण महिनाभर घरी लोळतो, तेवढ्यात पंधरा फेऱ्यांपैकी पाच-सहा तर सहज होतील. सुई टोचते खरी, पण बोटाला चिकटपट्टी लावली की काम भागतं. वर्कशॉपमध्ये फायलिंग करताना याहून जास्त लागतं.