लाल कातळाच्या वाटेवर

मे महिन्याच्या अखेरीस वा जूनच्या प्रारंभी अमेरिकेतील लास वेगास येथे जवाहिऱ्यांचे मोठे प्रदर्शन भरते. आपल्यातील अनेक पेढ्यांची मंडळी तेथे जातात. अलीकडे कुटुंबही सोबत असते. व्यवहार आटोपल्यावर उरलेला दिवस त्या झगमगाटात घालवण्यापेक्षा पश्चिमेस सुमारे २७ किलोमीटरवर असलेल्या रेड रॉक कॅन्यनला द्यावा, असे आम्ही आग्रहाने सुचवू.

मोहावे वाळवंटातील हा प्रदेश १९९० पासून राष्ट्रीय संवर्धनक्षेत्र आहे. सुमारे २१ किलोमीटरचा एकेरी रस्ता त्यातून वळसा घेत जातो. ज्यांना चालणे झेपत नाही अशा वडीलधाऱ्यांनाही गाडीतून बरेच काही दिसते. येथील तांबडा वालुकाश्म म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या. त्यांना हा रंग लोहाच्या गंजाने दिला. नवल पुढेच आहे. गोदामात आधी आलेला माल तळाशी राहतो, भूस्तरांचाही नियम तोच. येथे मात्र सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा करडा चुनखडक या तांबड्या खडकाच्या माथ्यावर विराजमान झालेला दिसतो. भूगर्भातील दाबाने जुना थर सरकून नव्यावर चढला. करड्या-तांबड्याची ती सीमारेषा दुरूनही ओळखता येते.

या वाळवंटातील कासव भिऊन शरीरात साठवलेले पाणी सोडून देते आणि तेच त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मुलांनी कौतुकानेही त्याला उचलू नये.

पायी जाणाऱ्यांनी जूनचे ऊन हलके लेखू नये. दुपारी पारा ४० अंशांपलीकडे जातो, हवा इतकी कोरडी की घाम आल्याचे कळतही नाही. प्रदर्शनाच्या धावपळीने थकलेल्या, रक्तदाबाचा विकार असलेल्या गृहस्थांनी तर दुपारचा विचारच सोडावा. फाटक सकाळी ६ वाजता उघडते, तेव्हाच आत शिरावे. दिवसाला माणशी ४ लिटर पाणी, सोबत खाखरा आणि खारे शेंगदाणे असावेत; वाटेवर दुकान नाही आणि मोबाईलचाही भरवसा नाही. (ऑक्टोबर ते मे या काळात जाणाऱ्यांनी प्रवेशाची वेळ आधीच आरक्षित करावी.)

एकच वाट निवडायची तर कॅलिको टँक्सची. जाऊन-येऊन सुमारे ४ किलोमीटर, शेवटी थोडी खडकांवरची चढण. वर कातळात पावसाचे पाणी साठवणारे नैसर्गिक टाके आहे. उन्हाळ्यात ते बहुधा कोरडे असते. थोडे पुढे गेले की खाली सपाटीवर ते सारे शहर दिसते, ओंजळीत मावेल एवढे.