पोटातली बुरशी आणि बिनतारणी दावे



मी इथे एरवी रामबागेतल्या जुन्या आठवणी लिहितो. आज जरा घरातलं लिहितोय. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

गेल्या वर्षी आमच्या सौ.च्या पोटात सारखे गॅस, पोटफुगी, दिवसातून चार-चारदा संडास. थकवा इतका की रोज सकाळी फिरायला जाणारी बाई खुर्चीतून उठेना. पुण्याच्या भाचीने मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. “मामी, हे कँडिडा आहे. आतड्यात यीस्ट वाढलंय.” घरगुती परीक्षाही होती: सकाळी उठल्याबरोबर पाण्याच्या ग्लासात थुंकायचं, धागे खाली लोंबले की बुरशी पक्की. धागे लोंबले. मग कॅप्रिलिक ॲसिड, ओरेगॅनो तेल आणि प्रोबायोटिक अशा तीन बाटल्या आल्या. महिन्याला साडेतीन हजार, चार महिने.

मी जन्मभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. अर्ज कितीही सुबक असो, तारण काय, कागद खरे का आणि बुडालं तर जबाबदार कोण, हे विचारल्याशिवाय सही करत नसे. घरात आलेल्या बाटल्यांना मात्र हे प्रश्न फार उशिरा विचारले.

आधी तारण, म्हणजे ती थुंकीची परीक्षा. एका रविवारी मी, मुलगा, सून, नातू, सगळे ग्लासात थुंकलो. सगळ्यांचे धागे लोंबले! लाळेत चिकट म्युकस असतो, तो खाली उतरतोच. शिवाय कँडिडा कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात मुक्कामाला असतोच. तो असणं म्हणजे आजार नव्हे.

मग कागद. थकवा, डोकं जड होणं, सगळ्याचं मूळ यीस्ट, ही कल्पना गाजली ती अमेरिकेतल्या डॉ. विल्यम क्रूक यांच्या १९८३ च्या पुस्तकामुळे. १९९० मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी अशी तक्रार असलेल्या बायकांना निस्टॅटिन हे यीस्ट मारणारं खरं औषध आणि नुसती नकली गोळी देऊन पाहिलं. थकव्यासारख्या तक्रारींत नकली गोळीपेक्षा जास्त फरक पडला नाही. ओरेगॅनो तेल प्रयोगशाळेतल्या बशीत यीस्ट मारतं, हे खरं. पण बशी म्हणजे आतडं नव्हे.

शेवटी जबाबदारी. बरं वाटलं तर कॅप्सूलचा गुण. त्रास वाढला तर “यीस्ट मरतंय, म्हणून होतंय.” पैसे आले तरी नफा, गेले तरी नफा, असा ताळेबंद मी कधी पास केला नसता. आणि बाटलीवर बारीक अक्षरात काय छापलेलं? औषध म्हणून वापरण्यासाठी नाही! आपल्या सरकारी नियमाप्रमाणे सप्लिमेंटवर हे छापावंच लागतं. जाहिरात मात्र आजार बरा करायला निघालेली.

पहिल्या महिन्यात हिला थोडं बरं वाटलं, हेही सांगतो. सोबतच्या पथ्याच्या कागदाने जिलबी, मैदा, शेव बंद झाली होती. श्रेय आम्ही बाटलीला दिलं.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, “साखरेची गोळी कधी वाढवली?” त्रास सुरू होण्याच्या थोडं आधीच मेटफॉर्मिनचा डोस वाढला होता. या गोळीने काहींना गॅस, जुलाब होतात आणि बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. तपासलं, तर ते कमीच होतं. डॉक्टरांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, बी-१२ ची इंजेक्शनं दिली. तीन आठवड्यांत पोट ताळ्यावर आलं. थकवा जायला मात्र वेळ लागला. चौदा हजारांचं दुःख नाही. ते चार महिने हिने उगाच सोसले, ते डाचतं.

बुरशीचा संसर्ग खरंच होतो. मधुमेह, स्टेरॉइड, अँटिबायोटिकचे कोर्स यांत तोंडात पांढरे चट्टे येतात, कधी गिळताना दुखतं. लहान आतड्यात यीस्ट वाढल्याचेही रुग्ण डॉक्टरांना सापडले आहेत, पण एंडोस्कोपीने आतला द्रव काढून, तपासून. ग्लासात थुंकून नव्हे.

भाचीवर राग नाही, तिने मायेनेच पाठवलं. विनंती एवढीच: नवीन बाटली मागवण्याआधी घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओता. आम्ही ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.