घाटाआधीं पंख्याची परीक्षा

पनवेलहून खोपोलीपर्यंत जुन्या जीपचें इंजिन थंड राहतें, आणि १८३० सालीं गाड्यांना खुला झालेल्या बोरघाटाचा चढ लागतांच उष्णतामापकाचा कांटा चढूं लागतो. कां? सपाटीवर समोरचा वाराच रेडिएटर निववीत असतो; म्हणून पंख्याचा दोष झांकला जातो. संथ चढावर सारी भिस्त पंख्यावर. तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. तेव्हां सहकुटुंब निघण्यापूर्वीं, इंजिन बंद असतांना, पट्टा ढिला वा भेगाळलेला नाहीं ना, पातीं शाबूत आहेत ना, हें पहावें. वाटेंत कांटा चढलाच तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावें, मुलांना दूर बसवावें, आणि पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालचें उकळतें पाणी उसळून तोंड भाजतें. थांबल्यानें उशीर होतो, एवढेंच.