डोळ्यातील बाहुली

मानवी डोळ्याच्या मध्यभागी जो काळा ठिपका दिसतो, तो वस्तुतः एक छिद्र आहे. अंधारात ते सुमारे 8 मिलिमीटरपर्यंत विस्तारते आणि प्रखर प्रकाशात 2 मिलिमीटरपर्यंत आकुंचन पावते. आत गेलेला प्रकाश पाहणाऱ्याकडे फारसा परतत नाही, म्हणून ते काळे दिसते. अशा या रित्या जागेला मराठी माणूस ‘बाहुली’ म्हणतो, हिंदी भाषक ‘पुतली’ म्हणतो. खेळण्याचे नाव डोळ्याच्या या नाजूक भागाला का मिळाले असावे? हा प्रश्न केवळ आपल्याच भाषांचा नाही. युरोपातील अनेक भाषांनी याच ठिकाणी हेच चित्र पाहिले आहे.

इंग्रजीत या छिद्राला ‘प्युपिल’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘प्युपिय’, जर्मनमध्ये ‘पुपिल्ल’ आणि इटालियनमध्ये ‘पुपिल्ला’. या सर्व शब्दांचे मूळ लॅटिन ‘पुपिल्ला’ या शब्दात आहे. लॅटिनमध्ये ‘पूपा’ म्हणजे मुलगी किंवा बाहुली, आणि ‘पुपिल्ला’ हे त्याचे लघुत्वदर्शक, लाडके रूप. म्हणजे ‘छोटीशी मुलगी’. या ‘पूपा’चा परिवार मोठा आहे. जर्मन भाषेत बाहुलीला ‘पुप्पे’ म्हणतात, सिसिली बेटावरील प्रसिद्ध कळसूत्री बाहुल्या ‘पुपी’ या नावाने ओळखल्या जातात आणि इंग्रजी ‘पपेट’ हा शब्दही याच कुळातला. अठराव्या शतकात लिनेयस या स्वीडिश शास्त्रज्ञाने कोशात निपचित पडलेल्या कीटकाच्या अवस्थेला ‘पूपा’ हे नाव दिले. दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या तान्ह्या बाळाशी तिचे साम्य उघड आहे.

लॅटिनच्याही आधी ग्रीक भाषेत हाच संकेत रूढ होता. ग्रीकांचा ‘कोरे’ हा शब्द मुलगी, बाहुली आणि डोळ्यातील बाहुली या तिन्ही अर्थांनी वापरला जाई. आजही दोन्ही डोळ्यांतील बाहुल्या असमान आकाराच्या दिसल्या, तर वैद्यकशास्त्र त्या लक्षणाला ‘अ‍ॅनिसोकोरिया’ म्हणते. त्या लांबलचक शब्दाच्या पोटात ती ग्रीक मुलगी अजून आहे. या नावाचे कारणही ग्रीकांनीच सांगून ठेवले. प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘अल्किबियाडीस’ या संवादात सॉक्रेटिस तरुण मित्राला एक साधे निरीक्षण ऐकवतो. समोरच्या माणसाच्या डोळ्यात पाहिले असता पाहणाऱ्याचा चेहरा तेथे आरशात उमटावा तसा उमटतो, आणि म्हणूनच त्या जागेला ‘कोरे’ म्हणतात. डोळ्याचा पारदर्शक, बहिर्वक्र पडदा लहानशा आरशाचे काम करतो. मागे काळी पार्श्वभूमी असल्याने त्यातील इवलीशी मानवाकृती स्पष्ट उठून दिसते. ती आकृती म्हणजेच बाहुली.

हे निरीक्षण करण्यास ना उपकरण लागते ना विद्वत्ता. दोन माणसे पुरेशी जवळ आली की झाले. त्यामुळे परस्परांपासून दूर असलेल्या भाषाही या एकाच चित्रापाशी पोहोचल्या. संस्कृतात डोळ्यातील बाहुलीला ‘कनीनिका’ म्हणतात आणि त्या शब्दातही लहान मुलगीच आहे. गुजरातीतील ‘कीकी’ हा शब्द डोळ्यातील बाहुली आणि छोटी मुलगी अशा दोन्ही अर्थांचा. स्पॅनिश लोक तिला ‘डोळ्याची मुलगी’ म्हणतात आणि जिवापाड प्रिय असलेल्या व्यक्तीलाही हेच विशेषण लावतात. पोर्तुगीज भाषेतही तोच प्रयोग आहे.

काही भाषांना मात्र तेथे मुलीऐवजी फळ दिसले. फ्रेंच भाषेत ‘प्युपिय’च्या जोडीला ‘प्र्युनेल’ हा शब्द आहे. तो मूळचा एका लहान, काळसर रानफळाचा. जुन्या इंग्रजीत बाहुलीला डोळ्याचे ‘सफरचंद’ म्हणत, तर जर्मनमध्ये संपूर्ण नेत्रगोलासाठी तशाच बांधणीचा शब्द आहे. 1611 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, ईश्वराने आपल्या लोकांना डोळ्यातील बाहुलीप्रमाणे जपले, हे सांगताना याच सफरचंदाचा आधार घेतला आहे. मुलगी असो वा फळ, अर्थाची दिशा एकच राहिली : जे अत्यंत नाजूक आणि म्हणून सर्वाधिक जपण्याजोगे, ते.

येथवरचा प्रवास डोळ्यातील बाहुलीचा झाला. परंतु ‘पुपिल्ला’ या शब्दाची दुसरी शाखा रोमन न्यायालयात वाढली. वडिलांचे छत्र हरपलेल्या, वयात न आलेल्या मुलाला रोमन कायदा ‘पुपिल्लुस’ म्हणे आणि मुलीला ‘पुपिल्ला’. मुलीसाठी ही मर्यादा 12 वर्षांची होती. मुलासाठी ती पुढे सम्राट जस्टिनियनने 14 वर्षे अशी निश्चित केली. अशा बालकाच्या मालमत्तेची व्यवस्था ज्याच्याकडे सोपवली जाई, तो ‘टुटोर’. हा शब्द ‘पाहणे, लक्ष ठेवणे, रक्षण करणे’ अशा अर्थांच्या क्रियापदापासून झाला आहे. पालकत्वाचे हे नाते नुसत्या विश्वासावर सोडलेले नव्हते. पालकत्व संपताच मूल त्याच्याकडून हिशेब मागू शकत असे, आणि अप्रामाणिक ठरलेल्या पालकाच्या माथी कायद्याने अपकीर्तीचा शिक्का बसत असे. अनाथाचे धन गिळणारे आप्त तेव्हाही होते, म्हणूनच अशा कायद्याची गरज पडली.

इंग्रजीत ‘प्युपिल’ हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तो याच अर्थाने, पालकाच्या ताब्यातील अनाथ मूल म्हणून. सोळाव्या शतकात त्याला ‘विद्यार्थी’ हा अर्थ लाभला. पालक ‘ट्यूटर’ झाला आणि शिक्षक म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला ‘ट्यूशन’ हा शब्दही याच क्रियापदातून निघाला. इंग्रजीत त्याचा आरंभीचा अर्थ सांभाळ, रक्षण असा होता. आज त्या शब्दाने आधी वेळापत्रक आठवते आणि मग फी. सांभाळ क्वचितच आठवतो.

फ्रेंच भाषेने मात्र जुना अर्थ टिकवला. पहिल्या महायुद्धात लक्षावधी घरांतील कर्ते पुरुष मृत्युमुखी पडले. तेव्हा 27 जुलै 1917 च्या कायद्याने फ्रान्सने युद्धात पोरक्या झालेल्या मुलांना ‘राष्ट्राचे प्युपिय’ हा दर्जा दिला. त्यांच्या पालनपोषणात आणि शिक्षणात कुटुंबाला साहाय्य करण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली. हा दर्जा आजही अस्तित्वात असून दहशतवादी हल्ल्यांत आईवडील गमावलेल्या मुलांनाही तो मिळतो.

अशा मुलांपैकी एक होता आल्बेर काम्यू. 1914 मध्ये वडील युद्धात जखमी होऊन वारले, तेव्हा तो एक वर्षाचाही नव्हता. अल्जियर्समध्ये त्याची आई लोकांच्या घरची साफसफाई करून संसार चालवी. तिला नीट ऐकू येत नसे, वाचता तर येतच नसे. मुलाने लवकर कामाला लागावे, असे आजीचे मत होते. प्राथमिक शाळेतील शिक्षक लुई जेर्मं यांनी या मुलातील बुद्धी हेरली, घरच्यांचे मन वळवले आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्याची तयारी करून घेतली. 1957 मध्ये काम्यूला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर त्याने या गुरुजींना कृतज्ञतेचे पत्र लिहिले आणि त्या प्रसंगीची आपली छापील भाषणेही त्यांनाच अर्पण केली.

‘प्युपिल’ शब्दाचे दोन विलग झालेले अर्थ, पोरके मूल आणि विद्यार्थी, या एका मुलाच्या आयुष्यात पुन्हा एकत्र आले. राष्ट्राने त्याला कायद्याने सांभाळले. पण वर्गातील कित्येक मुलांमधून त्याला वेगळे पाहिले ते एका शिक्षकाच्या नजरेने. आपल्याकडे एखाद्या लेकराला ‘डोळ्यात तेल घालून जपले’ असे म्हणतात. मूल जपायचे तर आधी ते नीट दिसले पाहिजे, आणि डोळ्यात बाहुली दिसण्यासाठी माणसाला दुसऱ्याच्या जवळ जाऊन थांबावे लागते.