तिच्या रागाला परवानगी नाही

बलात्काराचा प्रसंग सिनेमाला नवा नाही. बाई ओरडते, मग तिचा भाऊ नाहीतर नवरा हत्यार उचलतो आणि थिएटरात टाळ्या पडतात. ‘बेझ-म्वा’ या फ्रेंच चित्रपटातली मानू ओरडतच नाही. समोरच्याला हवी असलेली भीती ती त्याला मिळू देत नाही. नंतर ती मैत्रिणीला सांगते, लुटून नेण्यासारखं मोलाचं काही मी तिथं ठेवलेलंच नव्हतं. पुढं मानूला नादीन भेटते आणि दोघी गाडी घेऊन निघतात. वाटेल त्या पुरुषाबरोबर झोपतात, वाटेल त्याला गोळ्या घालतात.

विर्जिनी देपांत हिनं आपल्याच कादंबरीवरून, कोराली त्रिन ती हिच्या साथीनं, हा चित्रपट केला. पॉर्न चित्रपटांत काम केलेल्या दोघीजणी त्यात नायिका आहेत आणि संभोगाची दृश्यं खरी आहेत. देपांतवर वयाच्या सतराव्या वर्षी बलात्कार झाला होता. मानूचं ते थंड उत्तर कुठून आलं, हे त्यामुळं कळतं.

जून २००० मध्ये चित्रपट सोळा वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठी लागला. कुटुंबमूल्यांचा कैवार घेणारी एक संघटना कोर्टात गेली आणि दोनच दिवसांत फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं परवानगी रद्द केली. अठरा वर्षांची श्रेणी फ्रान्सनं १९९० मध्येच मोडीत काढली होती. उरली ‘एक्स’ श्रेणी, म्हणजे जबर कर, वेगळी थिएटरं, जवळजवळ बंदीच! कातरीन ब्रेयासारख्या दिग्दर्शिका निषेधाला उभ्या राहिल्या. अखेर २००१ मध्ये सरकारनं अठराची श्रेणी परत आणली आणि चित्रपट पुन्हा लागला. प्रौढांना प्रौढ मानायला एक वर्ष लागलं.

चित्रपट उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. उत्तरार्धातले खून एकसुरी होतात. पण दोघी पैशांसाठी एका निरपराध बाईला मारतात, तो प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. तो नसता तर ‘बिचाऱ्या, काय करतील’ म्हणून आपण त्यांना पदरात घेतलं असतं. त्यांना ती दया नको आहे. सोसणाऱ्या बाईसाठी आपण रडतो. कुणाचीही कीव न मागणारी संतापलेली बाई आपल्याला सोसत नाही, आणि या चित्रपटावरचा गहजब मला त्यातूनच आलेला दिसतो.

पडद्यावरची ही हिंसा सगळ्यांना पाहवेल असं नाही. ज्यांना पाहवणार नाही त्यांनी देपांतचं २००६ मधलं ‘किंग काँग थिअरी’ हे छोटं पुस्तक तरी जरूर वाचावं.